इमर्जन्सी रिस्पॉन्डर म्हणून सुरुवात करताय? वैद्यकीय शब्द या क्रमाने शिका

कोर्स सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात हातात शब्दांची यादी पडते. अ‍ॅब्डोमेन, अ‍ॅब्रेजन, अ‍ॅनाफिलॅक्सिस, अ‍ॅप्निया... बहुतेक जण ती वरून खाली पाठ करायला बसतात आणि ‘डी’पर्यंत पोचता पोचता दमतात. त्यात त्यांच्या स्मरणशक्तीचा काही दोष नाही, यादीचा क्रमच चुकीचा आहे. रुग्ण काही वर्णानुक्रमाने समोर येत नाही. आधी तो कसा पडला आहे ते दिसतं, मग तो शुद्धीत आहे का, श्वास कसा आहे, नाडी लागते का, त्वचा कशी आहे आणि मग कुठे दुखतंय. शब्दही त्याच क्रमाने शिकले तर कामावर ते आपोआप तोंडात येतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे शब्द तुम्हाला तीनच ठिकाणी लागणार आहेत: रेडिओवर किंवा फोनवर, रुग्णाच्या नोंदीत, आणि हॉस्पिटलमध्ये रुग्ण सोपवताना. रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी बोलताना ते वापरायचे नाहीत. आणि ज्या शब्दाची खात्री नाही, तो त्या तीन ठिकाणीही वापरायचा नाही. जे दिसलं ते साध्या भाषेत सांगायचं. ‘श्वास मिनिटाला ३२, एक वाक्यसुद्धा पूर्ण बोलता येत नाही’ हे कुणालाही कळतं. चुकीच्या ठिकाणी ठोकलेला भारी शब्द मात्र पुढच्या माणसाला भलत्याच दिशेला नेतो.

सुरुवातीला काय जवळ हवं

- तुमच्या सेवेने मान्य केलेल्या संक्षेपांची यादी. इंटरनेटवरची नको, तुमच्याच सेवेची.
- रुग्ण नोंदीचा कोरा फॉर्म, चार-पाच प्रती. सराव यावरच करायचा आहे.
- माणसाच्या शरीराची रेषाचित्रं, पुढून आणि मागून. आत नावं लिहिलेली नसावीत.
- एक वही. प्रत्येक पानावर तीन रकाने: ‘रुग्ण काय म्हणतो’, ‘वैद्यकीय शब्द’, ‘मी काय पाहिलं किंवा मोजलं’.
- फ्लॅशकार्डं. कागदाची चालतील, फोनवर हवी असतील तर अँकी हे अ‍ॅप चांगलं आहे, कारण चुकलेलं कार्ड ते लवकर पुन्हा समोर आणतं.
- फोनमधला रेकॉर्डर. हा का, ते पुढे येईल.

१. शब्द पाठ करू नका, फोडा

बहुतेक वैद्यकीय शब्द ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांचे बनलेले असतात. पुढे उपसर्ग, मधे मूळ, शेवटी प्रत्यय. मूळ बहुधा अवयव सांगतं, प्रत्यय त्याला काय झालं ते सांगतो, आणि उपसर्ग किती, कुठे, कसं ते सांगतो. टॅकी म्हणजे जलद, कार्डिया म्हणजे हृदयाचं. टॅकिकार्डिया म्हणजे हृदयाचे ठोके जलद. टॅकी तसाच ठेवून मागे ‘प्निया’ लावा, म्हणजे श्वास. टॅकिप्निया म्हणजे श्वास जलद. टॅकी काढून ब्रॅडी लावा, दोन्ही शब्द ‘मंद’ होतात. तीन-चार तुकड्यांत चार शब्द आले.

एक मोठा फायदा मराठी वाचकाकडे आधीपासून आहे. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा आहेत, त्यामुळे यातले कितीतरी तुकडे आपल्या ओळखीचे निघतात.

‘अ’ आणि ‘अन’ तर जसेच्या तसे. आपण व्यंजनापूर्वी ‘अ’ लावतो (अशक्त) आणि स्वरापूर्वी ‘अन्’ (अनिच्छा). ग्रीकमध्येही तोच नियम आहे: अ‍ॅप्निया म्हणजे श्वास नाही, अ‍ॅन्युरिया म्हणजे लघवी होत नाही. ‘डिस’ म्हणजे आपला दुस्, दुर्. दुर्गंधातला, दुःसहातला. डिस्प्निया म्हणजे श्वास घ्यायला त्रास. ‘पेरी’ म्हणजे परि: परिसर, परिघ, पेरिकार्डियम म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण. ‘इंटर’ म्हणजे अंतर्, आंतरराष्ट्रीयमधला; इंटरकोस्टल म्हणजे दोन बरगड्यांच्या मधलं. ‘हायपर’ आणि ‘उपरि’ सख्खे आहेत, उपरोक्त म्हणजे वर सांगितलेलं. ‘हायपो’ आणि ‘उप’ सख्खे आहेत, उपअभियंता म्हणजे अभियंत्याच्या खालचा. हायपर वर, हायपो खाली, हे एवढ्यावरून डोक्यात बसतं. मुळांमध्येही तेच: ऑस्टिओ आणि अस्थी, डेंटल आणि दंत, नेझल आणि नासिका, पायावरची पेडल पल्स आणि पद.

पण साम्य दिसलं की लगेच नातं जोडू नका. हीमो म्हणजे रक्त. त्याचा आपल्या हिमाशी काही संबंध नाही.

सुरुवातीला ही मुळं पुरेत: कार्डिओ (हृदय), पल्मो (फुफ्फुस), हीमो (रक्त), न्यूरो (मज्जातंतू), सेरेब्रो (मेंदू), क्रेनिओ (कवटी), थोरॅको (छाती), कोस्टो (बरगडी), गॅस्ट्रो (जठर), हेपॅटो (यकृत), नेफ्रो आणि रीनल (दोन्ही मूत्रपिंड, एक ग्रीक आणि एक लॅटिन), मायो (स्नायू), आर्थ्रो (सांधा), ग्लायको (साखर).

प्रत्ययांपैकी हे आधी: ‘आयटिस’ दाह, ‘अल्जिया’ वेदना, ‘प्निया’ श्वास, ‘इमिया’ रक्तातली स्थिती, ‘युरिया’ लघवीतली स्थिती, ‘प्लेजिया’ लुळेपणा, ‘पॅरेसिस’ अशक्तपणा, ‘रेज’ जोराने वाहणं. आणि शस्त्रक्रियेची तीन सारखी वाटणारी भावंडं: ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘ऑटमी’ म्हणजे छेद देणं, ‘ऑस्टमी’ म्हणजे तोंड करून ठेवणं. रुग्णाचा पूर्वेतिहास विचारताना ती लागतात. ‘ट्रेकिऑस्टमी’ झालेल्या माणसाच्या गळ्याला श्वासाचं छिद्र असतं, आणि ऑक्सिजन कुठे द्यायचा हे त्यावर ठरतं.

एक तुकडा दुहेरी आहे. ‘न्यूमो’ म्हणजे कधी हवा, कधी फुफ्फुस. न्यूमोथोरॅक्समध्ये छातीच्या पोकळीत हवा शिरलेली असते, न्यूमोनियात फुफ्फुसाला संसर्ग असतो. ‘हेमी’ आणि ‘हीमो’ही वेगळे ठेवा: हेमिप्लेजियातला हेमी म्हणजे अर्धा, शरीराची एक बाजू, हीमोथोरॅक्समधला हीमो म्हणजे रक्त.

२. शरीराचा नकाशा: उजवं म्हणजे कुणाचं उजवं?

सगळी दिशादर्शक नावं एका ठरलेल्या उभेपणावरून येतात: माणूस ताठ उभा, तोंड समोर, हात बाजूला, तळवे पुढे. याला अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन म्हणतात. रुग्ण खड्ड्यात वाकडातिकडा पडलेला असला तरी शब्द या उभ्या माणसाचेच वापरायचे. आणि डावं-उजवं नेहमी रुग्णाचं. समोरासमोर असताना हे हमखास उलटं होतं, म्हणून नोंद करताना रुग्णाच्या त्या बाजूला हात लावून मोठ्याने म्हणा, ‘उजवा’.

अँटिरिअर म्हणजे पुढची बाजू, पोस्टिरिअर म्हणजे मागची. मीडियल म्हणजे मध्यरेषेकडे, लॅटरल म्हणजे मध्यरेषेपासून दूर. डोकं आणि धड यांसाठी सुपीरिअर-इन्फीरिअर, म्हणजे वर आणि खाली. हातापायांसाठी प्रॉक्सिमल-डिस्टल: धडाकडे ते प्रॉक्सिमल, बोटांकडे ते डिस्टल. ‘डिस्टल’ हा शब्द तुम्ही रोज वापराल, कारण हाड मोडल्याची शंका आली की मोडलेल्या जागेच्या पलीकडे, म्हणजे डिस्टल बाजूला, नाडी लागते का, बोटं हलतात का आणि स्पर्श कळतो का हे तपासायचं असतं. स्प्लिंट, म्हणजे मोडलेला भाग हलू नये म्हणून लावायचा आधार, बांधण्याआधी एकदा आणि बांधल्यावर एकदा.

सुपाइन म्हणजे उताणा, प्रोन म्हणजे पालथा, लॅटरल रेकम्बंट म्हणजे कुशीवर. पाठीला टेकू देऊन अर्धवट बसवलं की फाउलर्स.

पोटासाठी बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ मनात ओढा. उजव्या वरच्या भागात यकृत आणि पित्ताशय, उजव्या खालच्या भागात अपेंडिक्स, डाव्या वरच्या भागात प्लीहा आणि जठराचा बराचसा भाग, डाव्या खालच्या भागात मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा वळणदार भाग. ‘पोटात दुखतंय’ असं म्हणणारा माणूस छातीच्या खालच्या टोकापासून जांघेपर्यंत कुठेही हात फिरवतो. त्याला सांगा, एका बोटाने जागा दाखवा. मग तो चौकोन नोंदवा.

३. पहिल्या मिनिटाचे शब्द

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल.

शुद्ध. सगळ्यात सोपी मोजपट्टी ‘अ‍ॅव्हपू’: अ‍ॅलर्ट, व्हर्बल, पेन, अनरिस्पॉन्सिव्ह. स्वतःहून जागा; हाकेला प्रतिसाद; वेदनेला प्रतिसाद; कशालाच नाही. त्यापेक्षा बारीक मोजणी म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ती मांडली. डोळे उघडण्याचे (ई) कमाल ४, बोलण्याचे (व्ही) ५, हालचालीचे (एम) ६, एकूण १५. किमान बेरीज ३ येते, शून्य कधीच नाही, कारण प्रत्येक भागाला निदान १ मिळतोच. नुसती बेरीज सांगू नका. ‘ई तीन, व्ही चार, एम पाच, एकूण बारा’ असं सांगा. बाराची बेरीज अनेक प्रकारे होते आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते भागांवरूनच कळतं.

श्वास. प्रौढ माणसाचा विश्रांतीतला श्वास साधारण मिनिटाला १२ ते २०. आवाजांना नावं आहेत आणि ती जागा सांगतात. श्वास आत घेताना उंच, चिरका आवाज आला तर स्ट्रायडर: वरचा मार्ग अरुंद झालाय. सोडताना शिट्टी वाजली तर व्हीझ: खालच्या नळ्या आवळल्या आहेत. गर्गलिंग, म्हणजे गुळण्या केल्यासारखा आवाज, म्हणजे घशात द्रव आहे, सक्शन हवं, म्हणजे तो ओढून काढायला हवा. घोरल्यासारखा आवाज आला तर बहुधा जीभ मागे पडलीय. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारी बारीक फुटफुट म्हणजे क्रॅकल्स.

अ‍ॅगोनल हा शब्द मात्र आजच पक्का करा. हृदय बंद पडल्यावर काही वेळ माणूस अधूनमधून तोंड उघडून आचके देतो. बघणारे सांगतात, ‘श्वास चालू आहे’. तो श्वास नव्हे. बेशुद्ध माणूस आणि अ‍ॅगोनल आचके, म्हणजे कार्डिअ‍ॅक अरेस्ट समजून सीपीआर.

नाडी. प्रौढाची ६० ते १००, बाळांची जास्त. रेडियल म्हणजे मनगटावर अंगठ्याच्या बाजूची, कॅरॉटिड मानेची, ब्रेकियल दंडाच्या आतल्या बाजूची (तान्ह्या बाळाची इथेच बघतात), फीमोरल जांघेतली. दर, लय आणि जोर अशा तीन गोष्टी नोंदवायच्या. बारीक लागणाऱ्या नाडीला थ्रेडी म्हणतात.

त्वचा. पॅलर म्हणजे फिकटपणा, सायनोसिस म्हणजे निळसरपणा, जॉन्डिस म्हणजे पिवळेपणा, फ्लश्ड म्हणजे लालबुंद, डायफोरेसिस म्हणजे दरदरून घाम. त्वचा सावळी किंवा काळी असेल तर फिकटपणा आणि निळेपणा गालावर शोधू नका. ओठ, हिरड्या, नखांखालची जागा आणि खालच्या पापणीची आतली बाजू पाहा. बऱ्याच पाठांत हे एका ओळीत उरकलेलं असतं, आणि मग नवशिका ‘त्वचा नॉर्मल’ लिहून मोकळा होतो.

या सगळ्या शब्दांना एक नियम: शब्दाशेजारी आकडा लिहा. ‘टॅकिकार्डिया’ एवढंच लिहिलं तर १०४ आणि १६८ दोन्ही त्यात बसतात.

४. रुग्णाची भाषा, नोंदीची भाषा

वहीतले तीन रकाने यासाठी. रुग्ण कधीच ‘मला ऑर्थोप्निया आहे’ म्हणणार नाही. तो म्हणेल, ‘आडवं झालं की गुदमरतं, रात्रभर बसून काढली.’ तुमचं काम हे वाक्य ऐकून योग्य कप्प्यात टाकण्याचं. काही जोड्या:

- ‘धाप लागते’, ‘दम लागतो’: डिस्प्निया
- ‘छातीत धडधडतंय’: पॅल्पिटेशन
- ‘मुंग्या येतात’: पॅरेस्थेशिया
- ‘मळमळतंय’: नॉशिया
- ‘घोळणा फुटला’: एपिस्टॅक्सिस
- ‘रक्ताची उलटी झाली’: हिमॅटेमेसिस
- ‘खोकल्यातून रक्त पडलं’: हिमॉप्टिसिस
- ‘डांबरासारखी काळी शौच’: मेलिना
- ‘फिट आली’: सीझर, त्यानंतरचा गोंधळलेला, झोपाळू काळ म्हणजे पोस्ट-इक्टल

या सरळ जोड्या झाल्या. खरी अडचण अशा शब्दांची आहे, ज्यांचे मराठीत चार अर्थ होतात.

‘चक्कर आली.’ सगळं गरगर फिरत होतं? तर व्हर्टिगो. डोळ्यांपुढे अंधारी येऊन काही क्षण शुद्ध गेली आणि लगेच आली? तर सिंकोपी. नुसतं हलकं वाटलं, पडला नाही? तर ते वेगळं. आणि कधीकधी नातेवाईक फिटलाही चक्करच म्हणतात, म्हणून विचारा: हातपाय झटकत होते का, जीभ चावली गेली का, शुद्धीवर यायला किती वेळ लागला?

‘अटॅक आला.’ हृदयाचा, दम्याचा की पॅरालिसिसचा? तिन्हींना आपण अटॅकच म्हणतो. त्यातही हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट एकच नव्हेत. हार्ट अटॅकमध्ये, म्हणजे मायोकार्डिअल इन्फार्क्शनमध्ये, हृदयाच्या स्नायूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अडतो. माणूस बहुधा जागा असतो, बोलतो. अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच थांबतं. माणूस कोसळतो, नाडी नसते. पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर होऊ शकतं, पण रेडिओवर एकाच्या जागी दुसरा शब्द गेला तर समोरून येणारी मदतच बदलते.

‘शॉक बसला.’ विजेचा की वाईट बातमीचा? वैद्यकीय शॉक दोन्हींपेक्षा निराळा: शरीराच्या पेशींपर्यंत पुरेसं रक्त, म्हणजे पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही अशी अवस्था. नाडी जलद, त्वचा गार आणि ओलसर, माणूस अस्वस्थ. रक्तदाब पडणं हे बरेचदा उशिरा दिसतं. नोंदीत ‘शॉक’ लिहायचं ते फक्त या अर्थाने.

‘शुगर झाली.’ वाढली की उतरली? विचारून भागत नाही, मोजा. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हायपोग्लायसेमिया.

‘लक्षण’ या शब्दाकडेही जरा लक्ष द्या. नोंदीत साइन आणि सिम्प्टम हे दोन वेगळे रकाने असतात आणि आपण दोन्हींना लक्षणच म्हणतो. तुम्हाला दिसतं, ऐकू येतं, मोजता येतं ते साइन. रुग्ण सांगतो ते सिम्प्टम. ओठ निळे हे साइन, जीव घाबरा होतोय हे सिम्प्टम.

मुख्य तक्रारीच्या जागी रुग्णाचे शब्द अवतरणचिन्हांत तसेच लिहा. तिथे भाषांतर नको. ‘छातीवर कुणीतरी बसलंय’ हे वाक्य ‘चेस्ट पेन’पेक्षा डॉक्टरला जास्त सांगतं.

प्रश्नांसाठी ‘सॅम्पल’ आणि ‘ओपीक्यूआरएसटी’ अशा दोन साखळ्या कोर्समध्ये येतीलच. सॅम्पल म्हणजे साइन-सिम्प्टम, अ‍ॅलर्जी, चालू औषधं, पूर्वीचे आजार, शेवटचं खाणंपिणं, आणि नेमकं काय घडलं. दुसरी वेदनेसाठी: कधी सुरू, कशाने वाढते-कमी होते, कशा प्रकारची, कुठे पसरते, शून्य ते दहामध्ये किती, किती वेळ.

५. निदान लिहू नका, दिसलं ते लिहा

शब्द यायला लागले की ते मिरवावेसे वाटतात, आणि नवशिका ‘स्ट्रोक’ लिहून मोकळा होतो. त्याऐवजी लिहा: चेहऱ्याची उजवी बाजू उतरलेली, उजवा हात उचलून धरता येत नाही, बोलणं अस्पष्ट, शेवटचं ठणठणीत पाहिल्याची वेळ सकाळी ७:४०. ही शेवटची वेळ सगळ्यात मोलाची, कारण गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं की नाही हे वेळेवर ठरतं. शंका जरूर कळवा, पण ‘स्ट्रोकची शंका’ अशी.

६. जखमा आणि हाडं

अ‍ॅब्रेजन म्हणजे खरचटणं. कंट्यूजन म्हणजे मुका मार. हिमॅटोमा म्हणजे रक्त साठून आलेलं टेंगूळ. लॅसरेशन म्हणजे फाटलेल्या, वेड्यावाकड्या कडांची जखम, आणि इन्सिजन म्हणजे धारदार वस्तूने झालेली सरळ कडांची. अ‍ॅव्हल्शनमध्ये त्वचेचा किंवा मांसाचा तुकडा सुटून लोंबतो. पंक्चर जखम बाहेरून छोटी दिसते, म्हणून तिला हलकी समजू नका.

‘फ्रॅक्चर नाही, नुसता क्रॅक आहे’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. क्रॅक हेही फ्रॅक्चरच. स्प्रेन लिगामेंटचं (हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्यांचं), स्ट्रेन स्नायूचं किंवा टेंडनचं (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचं), आणि सांधा निखळला तर डिसलोकेशन. एक्स-रेशिवाय यांतलं नेमकं काय ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून ‘सूज, आकार बदललेला, दाबल्यावर वेदना’ एवढं लिहा.

हाडांची नावं स्वतःच्या अंगावर हात ठेवून शिका: क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड), स्कॅप्युला (खांद्याचा फरा), स्टर्नम (छातीचं मधलं हाड), ह्युमरस (दंड), रेडियस (कोपराखाली अंगठ्याकडचं), अल्ना (करंगळीकडचं), फीमर (मांडी), पॅटेला (गुडघ्याची वाटी), टिबिया (नडगी), फिब्युला (तिच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड). मानेचे सर्व्हायकल मणके ७, पाठीचे थोरॅसिक १२, कंबरेचे लंबर ५.

७. संक्षेप: कमी वापरा

संक्षेपांनी वेळ वाचतो असं वाटतं, पण एकाच संक्षेपाचे दोन अर्थ निघाले की वाचवलेला वेळ व्याजासकट जातो. ‘एलओसी’ म्हणजे लेव्हल ऑफ कॉन्शसनेस, आणि लॉस ऑफ कॉन्शसनेससुद्धा. ‘बीएस’ म्हणजे ब्रेथ साउंड्स, बॉवेल साउंड्स की ब्लड शुगर? ‘आरए’ म्हणजे रूम एअर की रूमॅटॉइड आर्थ्रायटिस? ‘ओडी’ म्हणजे ओव्हरडोस, दिवसातून एकदा, की उजवा डोळा? तुमच्या सेवेच्या यादीत नसलेला संक्षेप लिहू नका, आणि असलेला पण दुहेरी वाटणाराही पूर्ण लिहा.

औषधांच्या मात्रेत तर जपूनच. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये ‘वापरू नका’ अशा खुणांची यादी काढली, आणि त्यातली दोन तत्त्वं कुठेही लागू पडतात. पूर्णांकापुढे दशांशाचं शून्य नको: १.० मधला ठिपका पुसट झाला की १० वाचलं जातं. आणि दशांशाआधी शून्य हवंच: .५ ऐवजी ०.५. ‘युनिट’साठी नुसतं ‘यू’ अक्षरही त्या यादीत आहे, कारण ते घाईत शून्यासारखं दिसतं. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. दोन्ही शब्द पूर्ण लिहा.

८. कानाला सारखे लागणारे शब्द

कागदावर वेगळे दिसणारे शब्द सायरन आणि रेडिओच्या खरखरीत एक होतात. हायपर आणि हायपो हे सगळ्यात धोक्याचे, कारण फरक एका अक्षराचा आणि उपचार उलटे. डिस्फेजिया (गिळायला त्रास) आणि डिस्फेझिया (भाषा सुचण्या-समजण्यात अडचण) आपल्या उच्चारात जवळजवळ एकच होतात. इलियम नावाचं आतडंही आहे आणि कंबरेचं हाडही. अ‍ॅबडक्शन म्हणजे मध्यरेषेपासून दूर नेणं, अ‍ॅडक्शन म्हणजे जवळ आणणं. म्हणूनच अनुभवी लोक ‘ए-बी-डक्शन’ अशी अक्षरं सुटी म्हणतात. ऑरल म्हणजे तोंडाचं, पण कानासाठीचा शब्दही तसाच ऐकू येतो.

उपाय एकच: गोंधळाच्या शब्दामागे लगेच साधी भाषा आणि आकडा जोडा. ‘हायपोग्लायसेमिया, शुगर कमी, ४८.’ मग शब्द अर्धा ऐकू आला तरी बिघडत नाही.

आकड्यांचंही तेच. फिफ्टीन आणि फिफ्टी, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी हे रेडिओवर सहज फसवतात. अंक सुटे बोला: ‘सहा-नऊ’. आणि समोरच्याने ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवेपर्यंत पुढे जाऊ नका.

९. बोलून सराव करा

आता तो रेकॉर्डर. वाचून ओळखता येणारा शब्द बोलताना अडखळतो, आणि हे फक्त बोलूनच कळतं. एक काल्पनिक रुग्ण घ्या, नोंदीचा फॉर्म भरा, आणि तो मिनिटभरात सांगून रेकॉर्ड करा. अपघाताच्या रुग्णासाठी ‘मिस्ट’ हा साचा सोपा आहे: कशाने इजा झाली, कोणत्या इजा, मोजमापं आणि चिन्हं, काय उपचार केले. उदाहरणार्थ:

‘पुरुष, अंदाजे तीस वर्षं. दुचाकी घसरून पडला, हेल्मेट होतं, शुद्ध गेली नव्हती. उजव्या नडगीच्या मध्यावर सूज, आकार बदललेला, जखम उघडी नाही. पायावरची पेडल पल्स लागते, बोटं हलतात, स्पर्श कळतो. अ‍ॅलर्ट. नाडी १०८, श्वास २०, बीपी १२४ बाय ७८, ऑक्सिजन ९८ टक्के, हवेवर. पाय स्प्लिंट केला, त्यानंतरही डिस्टल पल्स लागते. कोणत्याही औषधाची अ‍ॅलर्जी सांगत नाही.’

यात भारी शब्द मोजकेच आहेत. ऐकणाऱ्या नर्सला एकही प्रश्न परत विचारावा लागत नाही, एवढंच तपासा. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका. कुठे घाई झाली, कुठे आकडा राहिला, लगेच कळतं.

जोडीदार मिळाला तर आणखी बरं. त्याने रुग्णाचं वाक्य म्हणायचं, तुम्ही शब्द सांगायचा आणि पुढे काय मोजाल तेही. ‘गरगरतंय’ म्हटल्यावर नुसतं ‘व्हर्टिगो’ म्हणून थांबलात तर उत्तर अर्धं. घरातल्यांची नाडी आणि श्वास मोजा. श्वास मोजताना मात्र सांगू नका, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो; मनगट धरलेलंच ठेवा आणि छातीकडे बघा.

क्रम सुचवायचा तर असा: आधी तिसऱ्या टप्प्यातले शब्द, मग शरीराचा नकाशा, मग रुग्णाची वाक्यं, आणि उपसर्ग-प्रत्यय रोज थोडे या सगळ्याबरोबर. हाडं आणि जखमा प्रात्यक्षिकात आपोआप पक्क्या होतात. रोज थोडी कार्डं, पण रोज. रविवारी एकदम सगळी घेऊन बसण्यात अर्थ नाही.

आणि हँडओव्हर देताना मधेच शब्द आठवला नाही तर थांबू नका, सॉरीही म्हणू नका. ‘श्वास आत घेताना चिरका आवाज येतोय, पाच मिनिटांत वाढलाय’ असं सांगा आणि पुढे जा. स्ट्रायडर हा शब्द नर्स स्वतः लिहून घेईल.